सॉकेट पॉइंटर तपासला, व्हेरिफायर खूश, तरी काम होत नाही. मदत हवी

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. विषय रुक्ष आहे, आधीच सांगतो. लाईट आहे तोवर लिहून टाकतो, मधेच तुटलं तर समजून घ्या.

पार्श्वभूमी अशी. माझा चुलतभाऊ कुडाळच्या आसपास गावोगाव इंटरनेट देतो. ऑफिस म्हणजे पूर्वी आंब्याच्या पेट्या ठेवायची पडवी. तिथे एक डेबियन १२ चा सर्व्हर आहे, कर्नल ६.१. ग्राहकांचं बिलाचं पोर्टल त्याच्यावरच चालतं. सह्याद्रीच्या बाजूच्या वाड्यांना केबल पोचत नाही, तिथे खांबावर रेडिओ लिंक आहे. मिरग लागला की फोन सुरू: "पान उघडतच नाही, आणि मग एकदम उघडतं."

सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारेजाणारे पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून बसलो. ग्राहकाच्या फोनकडून सिन (जोडणी मागणारा पॅकेट) येतो, आपला सिन-ॲक (त्याला होकार) जातो, तो वाटेत हरवतो आणि बरोबर १ सेकंदाने पुन्हा जातो. पिंग २०-३० मिलिसेकंद. मग १ सेकंद कशाला थांबायचं? म्हणून ईबीपीएफचा (आपला छोटा प्रोग्राम कर्नलच्या आत चालवायची पद्धत) सॉक-ऑप्स जातीचा प्रोग्राम लिहिला. कर्नल ४.१३ पासून (२०१७) सॉक-ऑप्सची सोय आहे: जोडणी होताना ठरावीक टप्प्यांवर कर्नल आपल्या प्रोग्रामला विचारतो, त्यातला टाइमआउट-इनिट हा टप्पा म्हणजे "पहिल्यांदा किती थांबू?" मी २५० उत्तर देतो.

कोड देवनागरीत देतोय, कारण माझ्या फोनवरून इथे रोमन अक्षरं टाकली की चौकोन उमटतात. सीटीएक्स म्हणजे कर्नल प्रोग्रामच्या हाती देतो ती माहिती, एसके म्हणजे त्यातला सॉकेटचा (कर्नलमधल्या जोडणीच्या नोंदीचा) पॉइंटर, नल म्हणजे रिकामा पॉइंटर.

जर (!सीटीएक्स->एसके) परत १;
नियम = मॅप_लुकअप(&वाड्या, &पत्ता);
जर (!नियम) परत १;
साठा = एसके_स्टोरेज_गेट(&जोडण्या, सीटीएक्स->एसके, ०, १);
…
सीटीएक्स->रिप्लाय = २५०;

साठा अशासाठी, की प्रत्येक जोडणी कुठल्या वाडीची, ती किती वेळ टिकली, ही नोंद सॉकेटलाच चिकटवून ठेवायची आहे.

प्रश्न १. पहिल्या रात्री व्हेरिफायरने (प्रोग्राम चढवताना तो सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग) हाकलून दिलं: "आर२ टाइप=सॉक_ऑर_नल, एक्स्पेक्टेड=सॉक_कॉमन, सॉक…". अरे, पहिल्याच ओळीत नल तपासलाय की! शेवटी वैतागून एसके एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेतला, तोच तपासला, तोच वापरला, तर चाललं. का चाललं ते माहीत नाही.

प्रश्न २. आता प्रोग्राम चढतो, तक्रार नाही, पण सिन-ॲक अजूनही १ सेकंदानेच जातो.

---

तिरफळ

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पण नीट समजून घ्या, कारण ते परत चावतं.

व्हेरिफायर तुमचा सी कोड बघतच नाही. तो क्लँग या कंपायलरने काढलेल्या सूचना एकेक करून चालतो आणि प्रत्येक रजिस्टरात काय प्रकारची वस्तू आहे याचं टिपण ठेवतो. आर० ते आर१०, एकूण ११ रजिस्टरं. 'नल असू शकेल' अशा जातीचा पॉइंटर हाती आला की तो त्याला एक ओळखक्रमांक देतो. त्याच्या प्रती दुसऱ्या रजिस्टरात गेल्या, स्टॅकवर गेल्या, तरी क्रमांक तोच. कुठल्याही एका प्रतीवर "नल नाही ना?" विचारलं, की त्या क्रमांकाच्या सगळ्या प्रती त्या फांदीपुरत्या शुद्ध होतात.

तुमच्या कोडमध्ये सीटीएक्स->एसके दोनदा वाचलाय. मधे मॅप_लुकअप हा हेल्पर (कर्नलने दिलेलं तयार फंक्शन) आहे. हेल्परने आत काय केलं ते क्लँगला कळायला मार्ग नाही, म्हणून तो सीटीएक्समधून एसके नव्याने लोड करतो. नवा लोड, नवा क्रमांक. तुम्ही एका होडीत वाकून बघितलंत आणि पाय टाकलात शेजारच्या होडीत. व्हेरिफायर तेवढंच म्हणतोय.

स्थानिक व्हेरिएबलमुळे लोड एकदाच झाला, ती किंमत हेल्परच्या पलीकडेही जपून ठेवली गेली, क्रमांक तोच राहिला. तेव्हा सवयच लावून घ्या: सीटीएक्समधला पॉइंटर एकदाच काढायचा, लगेच तपासायचा, पुढे फक्त तो वापरायचा.

दुसऱ्याबद्दल विचार करतो. सीटीएक्स->रिप्लायपर्यंत प्रोग्राम पोचतोय का, ते आधी बघा.

---

पेजभात

अवांतर: रेडिओ कुठल्या बँडवर? ५ गिगाहर्ट्झ असेल तर पावसाला उगाच शिव्या घालू नका. एवढ्या अंतराला त्या बँडला पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही, ते दुखणं १० गिगाहर्ट्झच्या वरचं. तुमचा सिग्नल ओली झाडं खातात. मे महिन्यात खांब लावताना समोर मोकळं दिसतं, आषाढात तिथेच हिरवी भिंत. आमच्याकडे देवरुखजवळ एक लिंक अशीच एका ऐनाच्या झाडाने गिळली होती.

बाकी त्या व्हेरिफायरचं तुमचं चाललंय ते कोकण रेल्वेच्या टीसीसारखं आहे. तिकीट खरं का, ते तो बघतो. कणकवलीला उतरायचं विसरलात तर उठवायला येत नाही. हलकं घ्या.

---

खाडीपलीकडे

@पेजभात, ५ च. आणि खांबासमोर फणस आहे. बघतो.

@तिरफळ, दंडवत! दोन होड्या लक्षात राहतील.

---

सुरंगी

मला एक कळलं नाही. मी ट्रेसिंगचे (कर्नलच्या आत काय चाललंय ते बघणारे) प्रोग्राम लिहिते, एफएन्ट्री वगैरे. तिथे टास्कमधून पॉइंटर, त्यातून पुढचा पॉइंटर असं तीन-चार पातळ्या सरळ चालत जाते. एकदाही नल तपासलेला नाही आणि व्हेरिफायरने कधी अडवलं नाही. मग सॉकेटलाच एवढं सोवळं का?

---

तिरफळ

चांगला प्रश्न. दोन्ही ठिकाणी 'पॉइंटर' म्हणतात, पण वाचायची पद्धत वेगळी आहे.

ट्रेसिंगमध्ये तुम्हाला मिळतात ते बीटीएफ पॉइंटर (कर्नलच्या प्रकार-माहितीवरून ओळखले जाणारे). त्यातून वाचताना कर्नल जी सूचना बनवतो ती सांभाळून वाचणारी असते. पत्ता खोटा निघाला तर फॉल्ट होतो, तो अपवादांच्या कोष्टकात सापडतो, आणि तुमच्या रजिस्टरात शून्य टाकून प्रोग्राम पुढे जातो. कर्नल ५.५ पासून हे आहे. म्हणजे तुमच्याकडे तपासणी नाही असं नाही, ती प्रत्यक्ष वाचताना होते. आणि तुम्हाला आलेला शून्य खरा की खोट्या पत्त्याचा, हे कळत नाही. तेवढी किंमत तुम्ही मोजताच.

सॉकेट पॉइंटरचं वाचन थेट असतं, जाळी नाही. तिथे नलमधून वाचलं तर कर्नलच कोसळेल. म्हणून सगळी तपासणी प्रोग्राम चढवतानाच.

शिवाय सॉकेटमध्ये 'नल आहे की नाही' एवढाच प्रश्न नसतो. टीसी (ट्रॅफिक कंट्रोल, रेल्वेतला नव्हे) प्रोग्राममध्ये पॅकेटच्या एसकेबी->एसकेमधून जो मिळतो तो सॉक_कॉमन. तो पूर्ण सॉकेट असेलच असं नाही. टाइम-वेटमधला (जोडणी संपल्यावर थोडा वेळ रेंगाळणारा) असू शकतो, नुकत्याच आलेल्या विनंतीचा छोटा सॉकेट असू शकतो. या छोट्यांची जागाही छोटी. पूर्ण सॉकेट समजून पुढचं फील्ड वाचलंत तर शेजाऱ्याच्या अंगणातलं वाचाल. म्हणून एसके_फुलसॉक नावाचा हेल्पर आहे: पूर्ण असेल तर पॉइंटर, नसेल तर नल. त्याचा निकाल पुन्हा तपासा. टीसीपी_सॉक हेल्परचंही तसंच. दोन्ही ५.१ मध्ये आले. आणि एसके_लुकअप_टीसीपीने स्वतः सॉकेट शोधून आणलात (४.२० पासून), तर नल तपासायचा आणि प्रत्येक वाटेवर एसके_रिलीज करायचा. एक वाट जरी विसरलात तरी "अनरिलीज्ड रेफरन्स" म्हणून प्रोग्राम परत.

लिहिता लिहिता माझ्या डोक्यात धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं काहीतरी वळवळलं. जेवून येतो.

---

नारळीपोफळी

बाबा, तू ह्यां कोणत्या बाजून बघलंस? तू थंयसून भायर जोडणी करतंस तेवा २५० लागता काय? की भायरसून येतत तेंकाच लागणा नाय? दोनय बाजू येगळे करून बघ, मगे बोलुया.

---

खाडीपलीकडे

काका, आता करून बघितलं. प्रोग्राममध्ये प्रिंटके (ओळ छापणारा हेल्पर) टाकला. सर्व्हरवरून मी बाहेर जोडतो तेव्हा प्रोग्राम रिप्लायच्या ओळीपर्यंत पोचतो. बाहेरून ग्राहकाचा फोन जोडतो तेव्हा प्रोग्राम पहिल्याच नल तपासणीवर परत फिरतो. दर वेळी. म्हणजे एसके नल आहे. पण जोडणी तर डोळ्यांसमोर होतेय!

---

नारळीपोफळी

मेल्या, तेवा सॉकेट अजून जल्माकच येवक नाय! नुसती रिक्वेस्ट इली हा. आणि तू जल्माच्या आदीच बारसां करूक बसलंस.

---

तिरफळ

काकांनी नेमकं पकडलं. मी जेवत होतो, नाहीतर... असो.

सविस्तर: ऐकत बसलेल्या सॉकेटकडे सिन आला की कर्नल लगेच पूर्ण सॉकेट बनवत नाही. एक छोटी रिक्वेस्ट नोंदवतो, सिन-ॲक पाठवतो. समोरून तिसरा पॅकेट, म्हणजे ॲक, आल्यावरच पूर्ण सॉकेट जन्माला येतो. 'पहिल्यांदा किती थांबू' हा प्रश्न सिन-ॲक पाठवतानाचा, म्हणजे रिक्वेस्ट असतानाचा. बाहेर जोडताना मात्र सॉकेट तुमच्याच ॲपने आधी उघडलेला असतो, पूर्ण असतो. म्हणून ती बाजू चालते.

आता सीटीएक्स->एसके ही ओळ. ती एक लोड दिसते, पण प्रोग्राम चढताना व्हेरिफायर तिच्या जागी तीन-चार सूचना घालतो: आधी 'पूर्ण सॉकेट आहे का' हा झेंडा वाच, नसेल तर शून्य दे, असेल तरच खरा पॉइंटर. (याच भागात २०२० मध्ये एक चूक दुरुस्त झाली. ज्या रजिस्टरात सीटीएक्स आहे त्यातच उत्तर मागितलं तर झेंडा वाचताना सीटीएक्सच पुसला जायचा. तुमचा ६.१ त्यानंतरचा आहे.)

तेव्हा नल ही चूक नव्हती, ते बरोबर उत्तर होतं. तुम्ही त्याला "काहीतरी बिघडलंय, परत फिरा" असं वाचलंत. परत फिरलात, रिप्लाय कोरा राहिला, आणि उत्तर कोरं आलं की कर्नल आपलं नेहमीचं १ सेकंद लावतो.

उपाय: टाइमआउट-इनिटमध्ये एसकेला हातच लावू नका. समोरचा पत्ता सीटीएक्स->रिमोट_आयपी४ मध्ये रिक्वेस्टच्या वेळीही मिळतो, तुमच्या वाड्यांच्या मॅपला तेवढा पुरे. साठ्याचं काम पॅसिव्ह-एस्टॅब्लिश्ड (बाहेरून आलेली जोडणी पूर्ण झाली) या टप्प्यावर न्या, तिथे सॉकेट पूर्ण असतो. आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ), सीडब्ल्यूएनडी (एका दमात किती पाठवायचं ती मर्यादा) असली फील्डं टाइमआउट-इनिटमध्ये वाचून निर्णय घेऊ नका. पूर्ण सॉकेट नसेल तर ती मुकाट्याने शून्य देतात, व्हेरिफायर काही बोलत नाही.

आणि रिमोट_आयपी४ व रिमोट_पोर्ट नेटवर्क बाइट-क्रमात असतात, लोकल_पोर्ट यजमानाच्या. असं का, ते विचारू नका, फक्त लक्षात ठेवा.

---

पेजभात

+१. वाचनखूण साठवली.

---

खाडीपलीकडे

बदल केला. प्रिंटके सांगतो की आता रिप्लायची ओळ दोन्ही बाजूंनी चालते. वाडीतल्या एकाला फोन करून पान उघडायला सांगितलं, टीसीपीडंप लावला.

सिन-ॲक पुन्हा १ सेकंदाने.

मी आता सर्व्हर खाडीत टाकणार आहे.

---

सुरंगी

थांबा, खाडीत नको. २५० म्हणजे २५० काय?

---

खाडीपलीकडे

मिलिसेकंद. नाही का?

---

सुरंगी

रिप्लाय जिफीमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत) मोजतात. डेबियनच्या कर्नलमध्ये एचझेड २५० असतो, म्हणजे सेकंदाला २५० जिफी. तुम्ही कर्नलला इमाने इतबारे "१ सेकंद थांब" म्हणून सांगताय!

---

नारळीपोफळी

😂😂 अरे देवा रवळनाथा!

---

तिरफळ

हसून पुरेवाट झाली. मला हे दिसायला हवं होतं. कर्नलच्या सोर्ससोबत सॉक-ऑप्सचा जो नमुना आला होता त्यात रिप्लाय १० आहे आणि वर लिहिलंय १० मिलिसेकंद. एचझेड १००० असेल तरच ते खरं. बहुतेक लोक तिथूनच उचलतात. त्या नमुन्यात सॉकेट पॉइंटर कुठेच नाही, नुसते पत्ते जुळवलेत, हेही बघण्यासारखं आहे.

६३ घाला. ६३ भागिले २५० म्हणजे २५२ मिलिसेकंद.

---

खाडीपलीकडे

०.२५ सेकंद!!! डोळ्यांनी बघितलं. सुरंगीताई, तुम्हाला हापूसची पेटी लागू. पुढच्या मोसमात.

---

तिरफळ

पेटी पाठवण्याआधी एक. सिन-ॲक पुन्हा पाठवताना थांबायचा काळ दर वेळी दुप्पट होतो, आणि मुळात ५ वेळा पुन्हा पाठवतात. १ सेकंदापासून सुरुवात असेल तर रिक्वेस्ट टाकून द्यायला ६३ सेकंद लागतात. पाव सेकंदापासून सुरुवात केली की सगळं मिळून साधारण १६ सेकंदांतच कर्नल हात झटकतो. ज्या लिंकसाठी हा खटाटोप, तिथेच माणूस आधी बाहेर पडायचा. टीसीपी_सिनॲक_रिट्राइज ७ करा, म्हणजे पुन्हा ६४ च्या आसपास येईल. पण ते सेटिंग सगळ्या ग्राहकांना लागेल, नुसत्या वाड्यांना नाही. चालणार असेल तरच.

---

चिबूड

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध असेल. एक्सडीपीमध्ये (पॅकेट आल्या आल्या चालणारा ईबीपीएफ प्रोग्राम) डेटा आणि डेटा_एंड, म्हणजे पॅकेटची सुरुवात आणि शेवट, तपासायचं असतं ते हेच का? माझा प्रोग्राम इथरनेट हेडरपर्यंत चालतो, टीसीपी हेडरला "इनव्हॅलिड ॲक्सेस टू पॅकेट".

---

तिरफळ

चुलतभाऊ म्हणा. तिथे नलचा प्रश्न नाही, हद्दीचा आहे. इथरनेटचे १४ बाइट तपासलेत म्हणजे १४ च शुद्ध झाले. आयपी हेडर २० ते ६० बाइटचा असतो, लांबी पॅकेटमध्येच लिहिलेली असते. टीसीपी कुठे सुरू होतो हे त्या लांबीवर ठरतं, म्हणून तिथे पोचल्यावर टीसीपीच्या २० बाइटांसाठी डेटा_एंडशी पुन्हा तुलना करा. लांबी २० पेक्षा कमी लिहिलेली असेल तर तिथूनच फेकून द्या. ते व्हेरिफायर मागत नाही, पण खोटे पॅकेट येतात. आणि मधे ॲडजस्ट_हेडसारखा हेल्पर वापरलात तर आधीच्या सगळ्या तपासण्या रद्द: डेटा नव्याने वाचायचा, नव्याने तपासायचा.

---

सुरंगी

हे सगळं ठीक, पण व्हेरिफायरच चुकला तर? २०२२ चा तो नलवालाच घोटाळा आठवतो. या धाग्यात शोभेल, तिरफळ, सांगा ना.

---

तिरफळ

सीव्हीई-२०२२-२३२२२ (त्या सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक). होय, आणि आता तुम्हाला तो पटकन कळेल, कारण ओळखक्रमांकाचं वर बोललोच.

'नल असू शकेल' अशा काही जातींच्या पॉइंटरवर तपासणीआधीच बेरीज करू दिली जायची. समजा आर० असा पॉइंटर आहे. आर१ = आर० + १ केलं. क्रमांक दोघांचा एकच. मग आर० तपासला आणि तो नल निघाला. व्हेरिफायर नेहमीच्या नियमाने म्हणाला, या क्रमांकाचे सगळे शून्य. पण आर१ मध्ये प्रत्यक्षात १ आहे! टिपणात ०, रजिस्टरात १. त्या एकाला हव्या त्या आकड्याने गुणा: व्हेरिफायरच्या लेखी ते शून्यच राहतं, प्रत्यक्षात तुम्ही कर्नलच्या स्मृतीत हवं तिथे. साधा वापरकर्ता त्यातून रूट (सर्वाधिकारी) होऊ शकत होता. ५.१५.१४ पर्यंतच्या कर्नलना हे भोक होतं. पुढे असल्या पॉइंटरवर तपासणीआधी बेरीज-वजाबाकीच बंद केली. म्हणूनच साध्या वापरकर्त्याला ईबीपीएफ चढवू न देण्याचं सेटिंग ठेवतात. तुमच्या पडवीतल्या सर्व्हरवर साध्या वापरकर्त्याला ती मनाई असू दे.

---

चिबूड

माझा चालला! लांबी तपासली, मग टीसीपी. आभार.

---

खाडीपलीकडे

दोन दिवसांनी परत आलो. परवा रात्री वाऱ्याने तार तुटली, आज दुपारी लाईट आली.

हिशोब असा. सिन-ॲक हरवला तर आता पाव सेकंदात दुसरा जातो, लोकांना ते कळतही नाही. पण फोनकडून निघालेला सिनच वाटेत हरवला, तर फोन आपला १ सेकंद थांबतो आणि मगच पुन्हा पाठवतो. तिथे माझा प्रोग्राम काय करणार? म्हणजे निम्मं दुखणं गेलं. रिट्राइज ७ केलेत. साठ्याची नोंद पॅसिव्ह-एस्टॅब्लिश्डला नेली, तिथे एसके एकदाच काढतो आणि नल तपासणी ठेवलीये. तिथे तो नल येणार नाही हे मला माहीत आहे, व्हेरिफायरला नाही.

उरलेलं निम्मं त्या फणसात आहे, पेजभात म्हणाले तसं. काल त्या घरी जाऊन आलो. आजोबांनी चहा दिला, गरे दिले आणि सांगितलं, वरचे दोन फणस उतरवल्याशिवाय फांदीला कोयता लावायचा नाही. आणि पाऊस थांबेपर्यंत निसरड्या झाडावर कोणी चढणार नाही.

---

नारळीपोफळी

गरे कापे की बरके?

---

खाडीपलीकडे

बरके, काका. हात अजून चिकट आहेत.